पान २१४

३१ जानेवारी २०२० ला एमटीएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले, तेव्हा हातात शाल-श्रीफळ होतं आणि पुढे काय करायचं याचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी माळा साफ करायला काढला. निवृत्त माणूस माळ्यावरच का चढतो, देव जाणे.

माळ्यावर अण्णांचं, माझ्या वडिलांचं, गोणपाट सापडलं. लालबागची खोली सोडून आम्ही मुलुंडला आलो तेव्हा त्यांनी ते स्वतः सुतळीनं शिवलेलं, आणि तेव्हापासून कोणी उसवलेलं नव्हतं. आत अकरा पुस्तकं. तिनांचा वाळवीनं भुगा केलेला, चारांना कसर लागलेली. उरलेल्यांत सगळ्यात जाडजूड होतं ते 'मोठं पुस्तक'. आमच्या घरात त्याला हेच नाव. खरं नाव मला कधी कळलंच नाही, कारण मला आठवतंय तेव्हापासून त्याला पुठ्ठा नाही, पहिली आठ पानं नाहीत आणि वरून कालनिर्णयच्या जुन्या पानाचं कव्हर.

अण्णा खुर्चीत बसून बघत होते. वय ८३, कान एक चालू एक बंद, हात थरथरतात. म्हणाले, "रद्दीत घालणार असशील तर आधी मला घाल."

मी पुस्तक उघडलं. पान ८७ वर डाखाचा (सोल्डरचा) थेंब पडून जळालेलं भोक आहे, ते थेट ९२ पर्यंत जातं. त्या भोकातले शब्द मला लहानपणी पाठ होते, कारण अण्णा वाचून दाखवताना तिथे न थांबता पुढे जायचे.

त्यांचं शिक्षण सातवी फायनल, तेही कणकवलीजवळच्या गावात. मुंबईत येऊन लालबागच्या एका गिरणीत वायरमन झाले आणि १९६१ साली दादरला रेडिओच्या संध्याकाळच्या क्लासला जाऊ लागले. पहिली पाळी करायची, घरी येऊन अंघोळ, आणि वही घेऊन चालत दादर. क्लासचे सर मराठीतून समजावायचे, पण लावलेलं पुस्तक इंग्रजी होतं. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. ते त्यांनी याच पुस्तकातून शिकून घेतलं, त्यामुळे त्यांचं इंग्रजी आजही रेडिओच्या पेटीत मावेल एवढंच आहे. त्यांच्या लेखी 'प्लेट' म्हणजे व्हॉल्व्हच्या, जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीच्या, आतला पत्रा, जेवणाची ती थाळी. 'गँग' म्हणजे स्टेशन लावायचा तो पात्यापात्यांचा कंडेन्सर. ऐंशीच्या दशकात पेपरात रोज गँगवॉर छापून यायचं, तेव्हा "कुणाची गँग अडकली रे आज?" असं ते मुद्दाम विचारायचे आणि भावाला हसू आवरत नसे.

समासात त्यांच्या पेन्सिलीचं मराठी आहे. ग्रिड म्हणजे जाळी. लीकेज म्हणजे पाझर. हम म्हणजे गुणगुण. बायसपुढे आधी 'कल' लिहिलंय, ते खोडून 'आधीचा दाब'. फ्रिक्वेन्सीला 'हेलकावे'. पुढे मी मराठी विश्वकोशात त्यासाठी 'कंप्रता' हा शब्द पाहिला. शब्द नेटका आहे, तक्रार नाही. पण हेलकावे म्हटलं की मला अजून गावच्या घराचा झोपाळा दिसतो, आणि सेकंदाला साडेपाच लाख वेळा हलणारा झोपाळा ही कल्पना काही वाईट नाही.

रेझिस्टरवरचे रंग ओळखायचं कोष्टकही त्यात आहे: काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. क्लासातली इतर मुलं ते 'बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन' करून पाठ करायची. अण्णांना रॉयही माहीत नव्हता आणि त्याची ती व्हेरी गुड वाईफही. त्यांनी रंगांची पहिली अक्षरं जोडली आणि समोर आलं ते असं: 'कातताना पिहि निजां कपां'. गिरणीतल्या माणसाला याहून सोपं काय हवं? कातताना पी, मग निजा. 'कपां'ला अर्थ नाही, पण आरतीतल्या प्रत्येक शब्दाला तरी कुठे असतो? माझ्या बाराखडीनंतर मला पाठ झालेली पहिली गोष्ट हीच. टेलिफोन खात्यातली पहिली मुलाखत मी या मंत्रावर काढली, आणि पुढची तीन दशकं जोडाच्या तारांचे रंग ओळखताना डोक्यात तोच चालू असायचा.

जुन्या पुस्तकांबद्दल मला हळवं व्हायचं नाही. त्यातला निम्मा भाग कंटाळवाणा आहे, गणितं दोन-दोन पानं चालतात आणि छपाईच्या चुका आहेत. पण त्यातली भाषा एका हरवलेल्या गावाची बोली असावी तशी आहे. कपॅसिटर नाही, कंडेन्सर. (हे गाव पूर्ण हरवलेलं नाही म्हणा. मुंबईत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात आजही पंख्याचा 'कंडेन्सर'च मागतात.) पिकोफॅरड नाही, मायक्रो-मायक्रोफॅरड. किलोहर्ट्झ नाही, किलोसायकल. ओहमच्या उलट एकक हवं म्हणून 'ओहम' हा शब्दच उलटा लिहून 'म्हो' केलेला; आज त्याला सीमेन्स म्हणतात, पण विनोद त्या म्होमध्येच होता. गोणपाटात ब्रिटिश नौदलाचं बिनतारी विद्येचं एक जुनं पुस्तकही होतं, बहुधा गोदीतून रद्दीत आणि रद्दीतून आमच्याकडे आलेलं. त्यात कंडेन्सरची क्षमता 'जार'मध्ये मोजली आहे. एक मायक्रोफॅरड म्हणजे ९०० जार. वीज साठवायला पूर्वी काचेची लेडन जार वापरत, तिच्यावरून नौदलानं हे माप धरलं आणि १९३० च्या दशकापर्यंत चालवलं. अण्णांनी तिथे पेन्सिलीनं लिहिलंय: 'बरणी. (लोणच्याची नव्हे.)'

तर हे सगळं चाळता चाळता मी कपाटावरच्या रेडिओकडे पाहिलं. पाच व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. पोस्टात जाऊन दरवर्षी त्याच्या लायसन्सचे पैसे भरायचे आणि पुस्तकावर तिकीट चिकटवून घ्यायचं, हे काम माझ्याकडे असायचं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अण्णा परत कामावर गेलेच नाहीत. गॅलरीत टेबल टाकून त्यांनी चाळीचे रेडिओ दुरुस्त करायला घेतले. त्या टेबलानं आम्हाला जगवलं, पण आमचा स्वतःचा रेडिओ मात्र कधीतरी बंद पडला तो पडलाच. सुताराच्या घरचा पाट नेहमी मोडका.

मी ठरवलं, हा रेडिओ चालू करायचा आणि फक्त मोठ्या पुस्तकावरून. यूट्यूब नाही. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "आधी मागचा पत्रा काढ, मग बोल."

पत्रा काढला. आत झुरळांची पिढीजात वसाहत. मी ओलं फडकं घेऊन व्हॉल्व्ह पुसायला गेले तशी मागून हाक आली, "काच पुसू नकोस! नंबर जाईल." खरंच, तो नंबर नुसत्या शाईचा असतो, बोट जोरात फिरवलं तरी उडतो. कोरड्या ब्रशनं धूळ झाडली आणि एकेक वाचला: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८०. हे वाचायला अण्णांनी मला पत्रिकेसारखं शिकवलं होतं. पहिला 'ई' म्हणजे तापतारेला ६.३ व्होल्ट. 'सी' म्हणजे ट्रायोड, 'एच' मिसळणारा, 'एफ' पेंटोड, 'एल' स्पीकरला जोर देणारा, 'झेड' एसीचं डीसी करणारा. आकडा ८ नं सुरू झाला तर बूड नऊ पायांचं. मोबाइलच्या आत बघून असं काही वाचता येतं का, मला माहीत नाही. मी प्रयत्न केलेला नाही.

पहिला नियम पुस्तकात जाड अक्षरात आहे: आत २५० व्होल्ट डीसी असतात, सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात, म्हणून तपासताना एक हात खिशात ठेवा. दोन्ही हात आत असले तर धक्का छातीतून जातो. मी लहानपणी विचारलं होतं की माझ्या फ्रॉकला खिसा नाही, तर काय करू? अण्णांनी उत्तर दिलं होतं, "कमरेवर ठेव, आईसारखा." या वेळीही तसाच ठेवला.

दुसरी गोष्ट सिरीजची. इतकी वर्षं बंद असलेला सेट थेट भिंतीच्या प्लगात घालायचा नसतो. मधे शंभर वॉटचा पिवळा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि बाकी काही जळत नाही. साधी, स्वस्त, हुशार युक्ती. अडचण एवढीच की यासाठी तारेचाच बल्ब लागतो, एलईडी चालत नाही, आणि २०२० मध्ये तारेचा शंभरचा बल्ब मागितला की दुकानदार तुमच्याकडे कंदील मागितल्यासारखं बघतो. पाच रस्त्याजवळच्या तिसऱ्या दुकानात फळीच्या मागे एक सापडला.

आधी ईझेड ८० काढून ठेवला आणि सेट लावला. बल्बची तार जेमतेम तांबूस. म्हणजे ट्रान्सफॉर्मर शाबूत. मग तोच व्हॉल्व्ह बसवला. बल्ब उजळला आणि मंदावलाच नाही. डीसी गुळगुळीत करणारे फिल्टर कंडेन्सर गेलेले. यात नवल काही नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. रस्त्याचं नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झालंय, पण पाटीखेरीज कोणी तसं म्हणत नाही. सत्तेचाळीस मायक्रोफॅरड साडेचारशे व्होल्टचे दोन आणि बारीक कंडेन्सर मूठभर. दुकानदारानं नंतर विचारलं, "ताई, प्रोजेक्ट मुलाचा की नातवाचा?" वडिलांचा, म्हटल्यावर त्यानं बिल नीट केलं आणि व्हॉल्व्ह लागले तर मागच्या गल्लीत जिन्याखाली बसणाऱ्या एका चाचांचा नंबर लिहून दिला. ती चिठ्ठी मी पर्समध्ये टाकली आणि विसरले.

बारीक कंडेन्सर मूठभर का घेतले, ते सांगते. पुस्तक म्हणतं, कागदाचा कंडेन्सर एकेक तपासा आणि पाझरत असेल तोच बदला. समासात अण्णा म्हणतात: 'पावसाळा गेला की सगळे बदला. साहेबाचा पाऊस वेगळा.' मेणात बुडवलेल्या कागदाची ती गुंडाळी लालबागच्या चार महिन्यांच्या दमट हवेत पाणी पिते, हे पुस्तक लिहिणाऱ्याला त्याच्या देशात बसून कळायचं कारण नव्हतं. अशा जागा पानोपानी आहेत. छापील ओळ एक सांगते आणि पेन्सिल तिला अडवते. मला पुस्तकापेक्षा हे भांडण वाचायला जास्त आवडतं.

मग २२ मार्चला जनता कर्फ्यू आला, टाळ्या-थाळ्या झाल्या आणि पाठोपाठ सगळंच बंद. मी, अण्णा, रेडिओ आणि गच्च भरलेलं घर. भावाचं ऑफिस हॉलमध्ये, भाचीची शाळा बेडरूममध्ये, डाखाचा धूर गॅलरीत.

फिल्टर कंडेन्सर बदलले. बल्ब उजळून मंदावला, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. बल्ब काढून सेट सरळ लावला. स्पीकरमधून गुणगुण आली, आणि आवाज फाटलेला, तोंडात भात घेऊन बोलल्यासारखा. पुस्तकाच्या दोषांच्या प्रकरणात (हे प्रकरण शेवटी आहे, खरं तर पुस्तक तिथूनच सुरू व्हायला हवं होतं) लिहिलंय की शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर, म्हणजे ईएल ८४ च्या दोन नंबर पायावर, शून्य व्होल्ट असला पाहिजे. मीटर लावला. शून्य. मी विजयी मुद्रेनं अण्णांकडे पाहिलं.

ते माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "प्लेट लाल होतेय."

ईएल ८४ च्या आतला पत्रा तव्यासारखा तांबडा झाला होता. धावत जाऊन बटण बंद केलं. मग कळलं की मी पाय उलटे मोजले. पुस्तकातली आकृती खालून पाहिलेली असते, तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजायचं. मी उलट्या दिशेनं गेले आणि दोनऐवजी आठव्या पायावर मीटर लावला. ईएल ८४ च्या आठव्या पायावर आपल्या उपयोगाचं काहीच जोडलेलं नसतं, तिथे शून्य नाही तर काय मिळणार? तीस वर्षं टेलिफोनच्या जोडण्या केलेल्या बाईची ही गत. बरोबर पायावर अकरा व्होल्ट होते. आधीच्या टप्प्यातून आवाज पुढे नेणारा कंडेन्सर डीसी पाझरवत होता, म्हणून जाळीचा लगाम सुटून व्हॉल्व्ह बेफाम प्रवाह ओढत होता. तो एक कंडेन्सर बदलला आणि भात गिळला गेला. पाठोपाठ बाकीचेही बदलले, अण्णांच्या पावसाळ्याला मान देऊन.

आता घरघर. हे पुस्तकात नव्हतं. स्वयंपाकघरातले एलईडी दिवे, भावाचा लॅपटॉप, भाचीचा चार्जर, सगळे मिळून मिडियम वेव्हवर चक्की चालवत होते. रात्री अकरानंतर एकेक प्लग काढला तेव्हा घरघर ओसरली आणि खालून 'अस्मिता' वर आली. आकाशवाणी मुंबईची ही वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आहे. आमच्या डायलवर मीटरचे आकडे आहेत. तीन लाखाला ५५८ नं भागलं की ५३८ मीटर येतात. काटा मात्र ५००च्या खाली येऊन थांबला होता. आणि डायलच्या दुसऱ्या टोकाला, दोनशे मीटरकडे, नुसता शुकशुकाट.

म्हणजे अलाइनमेंट, स्टेशनं डायलवरच्या आपापल्या आकड्यांवर आणून बसवायचं काम. प्रकरण पान २११ ला सुरू होतं. २११, २१२ आणि मग २१५. मधलं पान फाडलेलं.

"फाडलं नाही," अण्णा म्हणाले. "काढलं. टेबलाच्या वर भिंतीला लावलं होतं."

त्या भिंतीच्या जागी आता अठरा मजले आहेत.

पान २१५ च्या डोक्यावर मात्र त्यांची पेन्सिल होती, नेहमीपेक्षा जोरात दाबलेली: '२१४ वर चूक. फॉर्मर शेवटी नाही. ट्रिमर शेवटी.'

फॉर्मर म्हणजे ज्यावर कॉइल गुंडाळतात ती नळी. आत फेराइटचा गाभा असतो, तो पेचानं वरखाली केला की डायलची खालची, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीची, बाजू जागेवर येते. ट्रिमर हा छोटासा फिरता कंडेन्सर, तो वरची बाजू सांभाळतो. अडचण अशी की एक हलवला की दुसरा थोडा सरकतो, म्हणून दोन्ही आळीपाळीनं करत जायचे. शेवटचा हात कशावर फिरवायचा, हा प्रश्न.

अण्णांचं ऐकून केलं. खालच्या टोकाला अस्मिता होतीच. वरच्या टोकाला स्टेशन नव्हतं आणि माझ्याकडे सिग्नल जनरेटर नव्हता, तर समासात त्याचीही तोड सापडली: छोटा ट्रान्झिस्टर ९४५ किलोहर्ट्झवर लावून मोठ्या रेडिओजवळ ठेवायचा. ट्रान्झिस्टरच्या पोटातला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःचे हेलकावे तयार करणारा भाग, लावलेल्या स्टेशनच्या ४५५ पुढे चालतो, म्हणजे १४०० वर. मोठ्या रेडिओत तिथे आवाज येत नाही, पण सुरू असलेली खरखर एकदम दबते. फुकटचा सिग्नल! गाभा, ट्रिमर, गाभा, ट्रिमर. चौथ्या फेरीला अस्मिता ५३८ वर येऊन बसली, आणि रात्री वरच्या टोकाला कुठली कुठली लांबची स्टेशनं कुजबुजायला लागली. आयएफटीला (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या ट्रान्सफॉर्मरला) हात लावायचा नाही अशी ताकीद होती, तो लावला नाही.

काम झालं होतं. पण माझ्या डोक्यातून पान २१४ जाईना. हे पुस्तक पावसाबद्दल चुकेल, आमच्या चाळीतल्या कमी व्होल्टेजबद्दल चुकेल, पण अलाइनमेंटचा क्रम? ज्यानं दोषांचं असलं प्रकरण लिहिलं तो माणूस हे उलटं कसं लिहील? अण्णा ठाम होते. "लिहिलं होतं. मी रोज बघत होतो." शेवटी पैज लागली. पुस्तक चुकीचं निघालं तर मी सुरमई आणायची. बरोबर निघालं तर उरलेल्या दहा पुस्तकांचं काय करायचं ते मी ठरवणार.

नाव नसलेलं पुस्तक शोधायचं कसं? पर्समधली चिठ्ठी तेव्हा आठवली. फोन केला. चाचा राजापूरकडचे, बोलणं अण्णांच्या गावच्या वळणाचं. मी पान ८७ वरची आकृती सांगितली, गणितांच्या त्या रटाळ प्रकरणाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "दादरच्या क्लासचा बुक काय? वडील कुठल्या सालचे? मी सहासष्टचा." पुस्तक होतं त्यांच्याकडे. विकणार नाही, म्हणाले, पण येऊन बघ.

जायला ऑक्टोबर उजाडला. २१ ऑक्टोबरपासून बायकांना अकरा ते तीन लोकलनं जायची मुभा मिळाली आणि मी पहिल्या आठवड्यातच निघाले. मुलुंडहून दादर, पूल ओलांडून ग्रँट रोड. डब्यात मी धरून सहा बायका. ग्रँट रोडला उतरले की मला हमखास क्लासच्या सरांचं एक गणित आठवतं, अण्णांच्या वहीत आहे ते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इथून चालत जाण्याच्या अंतरावर, चौपाटीजवळ, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरात पकडला जाईपर्यंत चालवला. प्रसारणात ते स्वतःच सांगायचे, ४२.३४ मीटरवर. 'तर किलोसायकल किती?' उत्तर ७०८५. अण्णांनी वहीत उत्तराखाली दोन रेघा मारल्यात, बाकी कुठल्याच गणिताखाली नाहीत.

चाचांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोपटी. मास्क नाकाखाली, चष्मा कपाळावर. त्यांच्या पुस्तकाला पुठ्ठा होता, वर लाल कापड शिवलेलं. पानं कोरी. "मी समासात नाय लिवत," म्हणाले, "बुक कुराणासारखा ठेवतंय." मी मनात म्हटलं, आमच्याकडचं ज्ञानेश्वरी आहे, टीकेसकट. त्यांनी स्वतः पान उलटलं, मला हात लावू दिला नाही. मोबाइलवर फोटो काढला. पुस्तकाचं नाव बघायचं मात्र मी विसरले, हे दादरला गाडी बदलताना लक्षात आलं.

फोटो मी गाडीतच मोठा करून वाचला, आणि मग परत वाचला. बाजूच्या बाईनं विचारलं, "काही वाईट बातमी का हो?"

घरी आले, हात धुतले, अण्णांच्या चालू कानाशी बसले.

"अण्णा, पुस्तकात काय लिहिलंय सांगू? ट्रिमर आणि पॅडर. वरच्या टोकाला ट्रिमर, खालच्या टोकाला पॅडर, आपल्या गाभ्याच्या जागी. आणि पुढे लिहिलंय, शेवटी फॉर्मर."

"तेच म्हणतोय मी. शेवटी फॉर्मर. चूक!"

"तो फॉर्मर नव्हे. इंग्रजीत दोन गोष्टी एकदा सांगितल्या की पुन्हा नावं घेत नाहीत. पहिलीला फॉर्मर म्हणतात, दुसरीला लॅटर. पहिली कुठली सांगितली होती? ट्रिमर. म्हणजे शेवटी ट्रिमर. तुम्ही म्हणता तेच पुस्तक म्हणतंय."

अण्णा बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. बोटानं मोठा करायला गेले तर तो उडून गेला, मी परत आणून दिला. गॅलरीतल्या टेबलावर त्यांनी किती रेडिओ जुळवले असतील, शंभर, दोनशे. प्रत्येक वेळी भिंतीवरच्या त्या पानाला मनात शिवी घालून, त्याच पानात लिहिल्याप्रमाणे.

पैज कोण जिंकलं यावर आमच्याकडे अजून वाद आहे. सुरमई मीच आणली. दहा पुस्तकं परत गोणपाटात गेली.

त्या रात्री जेवताना अण्णांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "मग सरळ ट्रिमर लिहायला त्याच्या बापाचं काय जात होतं?"